डॉक्टरांच्या गाडीची नवी नळी

मी शशिधर डॉक्टरांची हिरवी गाडी बोलतेय. लेस्टरच्या दक्षिणेला ओडबी नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका घराला चिकटून असलेल्या गॅरेजमध्ये मी राहते. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार आहे, त्यामुळे घरातलं बोलणं मला बरंच ऐकू येतं. उत्तर मात्र देता येत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली, अजून त्याची सवय झालेली नाही.

माझा जन्म १९७० सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. दोन दारं, लांबलचक बॉनेट, आत आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणत. आमच्याकडून कोणाला फारशी अक्कल नको होती, फक्त जोर हवा होता. माझं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे, आणि इंग्लंडात त्याचा आजही सगळ्यांना त्रास होतो.

इंग्लंडात मला एका अमेरिकन वैमानिकाने आणलं. तो सफोकमधल्या हवाई तळावर होता. मायदेशी परतताना त्याने मला इथेच सोडलं. मग लिंकनशरच्या एका पबमालकाने मला घेतलं, दोन उन्हाळे फिरवलं आणि ताडपत्री टाकून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभं केलं. पंधरा वर्षं मी तिथे होते. माझ्या मागच्या सीटमध्ये उंदरांच्या किती पिढ्या झाल्या ते मी मोजलं नाही.

२००८ साली डॉक्टर आले. ताडपत्री दूर करून त्यांनी काचेवरची धूळ बाहीने पुसली. मग बॉनेटवर हात ठेवून मराठीत म्हणाले, “काय गं, किती वर्षं झोपलीस?”

डॉक्टर मिरजेला शिकलेले, इंग्लंडात १९८३ साली आलेले. ते भूलतज्ज्ञ होते. लेस्टरच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं लोकांना झोपवलं आणि उठवलं. सर्जन कापाकापी करत असताना हे उशाशी बसून श्वास ऐकत. माझ्याशीही ते तसेच वागले. इंजिन चालू करून आधी कान द्यायचे, मग हत्यार उचलायचे. दोन वर्षांत त्यांनी मला रस्त्यावर आणलं. त्यांच्या पत्नी सुनीतीताई विग्स्टनच्या औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून बाटल्या भरण्याचं काम करायच्या. त्यांना माझं कौतुक नव्हतं. “एवढी मोठी गाडी आणि पिशव्या ठेवायला जागा नाही,” असं त्या म्हणायच्या. ते खरंच आहे.

मुलगी देविका ब्रॅकनेलला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. ती इथेच जन्मली. तिचं मराठी तोडकंमोडकं आहे, पण आईबाबांशी ती हट्टाने मराठीच बोलते.

अशी चौदा वर्षं छान गेली. मग २०२२च्या जुलैमध्ये इंग्लंडात कधी नव्हे एवढं ऊन पडलं. लेस्टरच्या रिंग रोडवर, भर दुपारी, मी बंद पडले. इंजिनात पेट्रोल पोचण्याआधीच नळीत त्याची वाफ होत होती. आता पंपावर मिळणारं पेट्रोलही बदललं आहे. त्यात इथेनॉल जास्त असतं. ते लवकर उकळतं आणि माझ्यासारख्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आतून खातं. मागे गाड्यांची रांग लागली. डॉक्टर घामाने निथळत कडेला उभे राहिले. टो-ट्रकवर चढवून मला घरी आणलं, तेव्हा शेजारीपाजारी बघत होते.

“आता हिचं पेट्रोलचं सगळं बदलायला हवं,” डॉक्टर त्या संध्याकाळी म्हणाले.

“सगळं म्हणजे?” सुनीतीताईंनी विचारलं.

“टाकी, पंप, नळ्या. आणि कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन.”

“हे सगळं तुम्ही करणार?”

“मग कोण करणार?”

खोकी यायला सुरुवात झाली. नवी टाकी आली. तिच्या पोटातच विजेवर चालणारा पंप होता. काळ्या नळ्या, चकचकीत ॲल्युमिनियमचे नट, आणि कार्ब्युरेटरच्या जागी बसवायचं एक यंत्र. ते किती पेट्रोल फवारायचं ते स्वतःच ठरवतं. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा जुना कार्ब्युरेटर निघाला तेव्हा मला पोकळ वाटलं. अर्धशतक मी त्यातून श्वास घेतला होता. पण तक्रार करण्यासारखं काही नव्हतं, माझ्या भल्यासाठीच चाललं होतं.

काम फार हळू होत होतं. एक हिवाळा गेला, दुसरा आला. डॉक्टर कामाची यादी लिहून गॅरेजच्या भिंतीवर चिकटवायचे. पहिल्या यादीतली अक्षरं मला सहज वाचता यायची. सहा महिन्यांनी अक्षरं बारीक झाली. दुसऱ्या हिवाळ्यात ती मुंगीएवढी झाली, आणि ओळीच्या शेवटी तर आणखी बारीक होत जायची. मला ते विचित्र वाटलं. दार उघडून ते माझ्याकडे चालत येत, तेव्हा डावा हात हलायचा आणि उजवा अंगाशी तसाच लोंबायचा. स्टुलावर शांत बसले की उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखी हलत राहायची.

घरात कोणी आलं की तो हात खिशात जायचा. मी वरदच्या मुंजीचे फोटो बघितलेत, म्हणजे सुनीतीताईंच्या भाचीच्या मुलाच्या. टेबलावर माझ्या मॅन्युअलशेजारी पडले होते. प्रत्येक फोटोत डॉक्टरांचा उजवा हात खिशात. माझ्यासमोर मात्र त्यांनी तो कधी लपवला नाही. मी कोणाला सांगणार!

“थंडी आहे,” हातातून नट पडला की ते मोठ्याने म्हणायचे. गॅरेजमध्ये दुसरं कोणी नसायचं. मग ते कोणाला सांगत होते?

आता त्या दिवसाचं सांगते. फेब्रुवारीतला शनिवार होता. सुनीतीताई बेलग्रेव्ह रोडला भाजी आणायला गेल्या होत्या. डॉक्टरांना शेवटची नळी जोडायची होती, इंजिनाजवळच्या फिल्टरची. ॲल्युमिनियमचा नट हाताने सरळ धरून आट्यांवर बसवायचा असतो. तो आधी बोटांनीच फिरला पाहिजे, मग पाना लावायचा. पण त्यांची बोटं सांगितलेलं ऐकत नव्हती. नट तिरका बसला. मला ते कळलं. आट्यावर आटा चढला, धातू खरवडला गेला. डॉक्टरांना तो घट्ट लागला, म्हणून त्यांनी पाना लावला आणि आणखी दाबून बसवला.

माझ्या जुन्या पंपाचा दाब अगदी थोडा होता. नव्या पंपाचा त्याच्या दहापट आहे. जुन्या नळीला फट असती तर थेंब आला असता. इथे पिचकारी येणार होती.

त्यांनी कॅनमधून टाकीत पेट्रोल ओतलं. मग सीटवर बसले, मॅन्युअल मांडीवर घेतलं. त्यात लिहिलं होतं की किल्ली चालू-बंद करत राहा, म्हणजे नळ्या भरतील. त्यांनी किल्ली फिरवली. पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला. तिरक्या नटातून पेट्रोल उडालं, खाली लोखंडावर पडलं, तिथून फरशीवर. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा उडालं.

गॅरेजची फरशी बाहेरच्या शटरकडे उतरती आहे, पाणी निघून जावं म्हणून. आणि शटरजवळ, माझ्याकडे तोंड करून, दोन दांड्यांचा विजेचा हीटर लावलेला होता. दांड्या लालभडक झाल्या होत्या.

मला हॉर्न आहे, पण तो मला वाजवता येत नाही. मला दिवे आहेत, ते मला लावता येत नाहीत. जे माझ्या हातात होतं ते मी केलं, म्हणजे काहीच नाही. पेट्रोलचा वास गॅरेजभर पसरला. कोणीही दाराशी आला असता तर नाक धरून मागे हटला असता. मला वाटलं, आता डॉक्टर उठतील. आता उठतील. वासापलीकडे माझ्याकडे दुसरी भाषाच नव्हती.

डॉक्टर पुस्तक वाचत शांत बसले होते. त्यांनी सहाव्यांदा किल्ली फिरवली.

ओघळ फरशीवरून पुढे सरकत होता. पुढचं चाक ओलांडलं. बंपर ओलांडला. हीटरपासून चार फुटांवर आला.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. सुनीतीताईंच्या अंगावर कोट तसाच होता, हातात मेथीची पिशवी.

“अहो! पेट्रोल!”

“काय झालं?” डॉक्टर खिडकीतून म्हणाले.

“केवढा वास येतोय! डोळे चुरचुरतायत!”

“कसला वास?”

सुनीतीताई दारातून पुढे आल्या. मग त्यांना फरशी दिसली, आणि हीटर दिसला. हीटरची वायर दाराखालून स्वयंपाकघरात गेली होती. त्यांनी पिशवी टाकली, मागे वळल्या आणि तिकडचा प्लग ओढला. दांड्यांचा रंग उतरू लागला.

“किल्लीला हात लावू नका. काही म्हणजे काही लावू नका. बाहेर या. इकडून, माझ्या बाजूने.”

मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. डॉक्टर बाहेर आले. दोघं घरातून वळसा घालून ड्राइव्हवेवर गेले. सुनीतीताईंनी बाहेरून शटर वर केलं. थंड वारा आत आला. ओघळ शटरच्या खाचेपर्यंत पोचून थांबला होता.

ते दोघं कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभे होते. डॉक्टरांच्या पायात घरातल्या सपाता. सुनीतीताई आत गेल्या आणि हिंगाची डबी घेऊन आल्या. झाकण काढून त्यांनी ती डॉक्टरांच्या नाकाशी धरली.

“डोळे मिटा. काय आहे हे?”

डॉक्टरांनी डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

“डबी रिकामी आहे का?” त्यांनी विचारलं.

सुनीतीताईंनी झाकण लावलं.

“कधीपासून?”

“वास गेला त्याला तीन वर्षं झाली. कोविड झाला होता ना, मला वाटलं त्यानेच.”

“आणि हात?”

डॉक्टरांनी हात खिशातून बाहेर काढला. काढल्यावर तो हलू लागला. ते त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. “दीड वर्ष. सुनीती, हा माणूस माझ्यासमोर पेशंट म्हणून आला असता ना, तर पाच मिनिटांत सांगितलं असतं मी त्याला.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं.”

एप्रिलमध्ये न्यूरॉलॉजिस्टने तेच सांगितलं. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. त्यात पुष्कळदा हात हलायच्या कितीतरी आधी वास यायचा थांबतो. औषधं सुरू झाली. लायसन्सच्या ऑफिसला कळवणं कायद्याने भाग होतं, ते पत्र डॉक्टरांनी स्वतः लिहिलं. तपासण्या होऊन त्यांना काही वर्षांपुरतं लायसन्स मिळूही शकत होतं. पण त्यांनी तेवढंही न थांबता गाडी चालवणंच सोडलं.

“सत्तावीस वर्षांत मी कोणाला अंदाजाने डोस दिला नाही,” ते देविकाला म्हणाले. “अंदाजाने गाडी कशी चालवू?”

देविका एप्रिलमधल्या एका शनिवारी ब्रॅकनेलहून आली होती. ती माझ्याशेजारी उभी राहून रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, “बाबा, हा गाडी सेल करू या. प्लीज. इट्स नॉट सेफ. तुम्ही दोघे जळून गेला असता.”

तिचं बरोबर होतं. माझ्याकडून काही उत्तर नव्हतंच, पण असतं तरी मी काय बोलले असते? मी त्यांना जवळजवळ मारलं होतं. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

मी सहा महिने तशीच उभी राहिले. बॉनेट उघडं, टाकी रिकामी केलेली, तो तिरका नट तसाच. डॉक्टर गॅरेजमध्ये येईनासे झाले. भिंतीवरची शेवटची यादी उन्हाने पिवळी पडली. मला लिंकनशरच्या शेडची आठवण व्हायची. तिथे निदान कोणाला माझ्यामुळे इजा झाली नव्हती.

ऑगस्टमध्ये गाडी विकायचं ठरलं. जाहिरातीसाठी फोटो काढायला सुनीतीताई आत आल्या. फोन हातात धरून त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. उघड्या बॉनेटपाशी थांबल्या. आत वाकून बघितलं. मग फोटो न काढताच दारातून हाक मारली.

“अहो, इकडे या जरा.”

डॉक्टर आले. दारातच उभे राहिले.

“ही अशी अर्धवट उघडी ठेवून द्यायची का लोकांना?” सुनीतीताई म्हणाल्या. “टाके न घालता पेशंट घरी पाठवायचात का तुम्ही?”

“माझ्याच्याने होणार नाही ते आता.”

“तुम्ही कशाला करताय? तुम्ही सांगा. मी करते.”

“तू?”

“बावीस वर्षं गोळ्या मोजल्यात मी. बोटं आहेत मला.”

नवा नट आणि नवा फिल्टर मागवला. रविवारी सकाळी शटर उघडं टाकून, हीटर माळ्यावर चढवून, दोघं कामाला बसले. सुनीतीताईंनी सोळा वर्षांत माझ्या एकाही नटाला हात लावला नव्हता. डॉक्टर स्टुलावर, उजवा हात मांडीखाली दाबून.

“सरळ धर. नाही, अजून थोडा खाली. हं. आता फिरवू नकोस.”

“मग काय करू?”

“उलटा फिरव. हळू. टक् असं लागेल बोटांना. ते लागलं की थांब.”

सुनीतीताईंनी डोळे मिटले. नट उलटा फिरला. टक्. मलाही लागलं.

“लागलं!”

“आता सुलटा. पाना नको, बोटांनीच. गेला पाहिजे तो आपणहून.”

नट एक आटा चढला, दुसरा, तिसरा. अगदी सहज. शेवटी त्यांनी पाना लावून जरासं आवळलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “बस. पुरे.” सुनीतीताईंनी हात मागे घेतला आणि कोपराने कपाळावरचे केस सारले. गालावर काळा डाग पडला.

मग त्यांनी नटाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळला. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. पंप गुणगुणला. दहा वेळा फिरवली. टिश्यू कोरडा राहिला. सुनीतीताई माझ्या बॉनेटखाली डोकं घालून, प्रत्येक जोडाशी नाक नेऊन हुंगत होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “कुठेच नाही.”

“नक्की?”

“नाक माझं आहे ना? नक्की.”

मग मी सुरू झाले. पूर्वी मला सकाळी पाच-सहा झटके द्यावे लागायचे, खोकून खोकून मी जागी व्हायचे, आणि उभी असतानाही सगळं अंग थरथरायचं. आता पहिल्याच किल्लीला सुरू झाले आणि स्थिर. डॉक्टरांनी सवयीने बॉनेटवर हात ठेवला. पूर्वीसारखी मी थरथरत असते, तर माझ्या थरथरीत त्यांच्या हाताची थरथर मिसळून गेली असती. आता मी स्थिर होते, म्हणून फक्त त्यांचाच हात हलत होता आणि दोघांनाही तो दिसत होता. मला ते लपवता आलं नाही. मला पुन्हा बिघडावंसं वाटलं.

“छान चालतेय,” डॉक्टर म्हणाले, आणि हात काढून घेतला नाही.

जाहिरात अजून दिलेली नाही. देविकाने फोनवर खूप वाद घातला, आणि शेवटी तिनेच इन्शुरन्समध्ये आईचं नाव घातलं. “मम्मी, पण स्लो चालवायची. प्रॉमिस?” सुनीतीताईंनी प्रॉमिस केलं. सीटवर उशी ठेवून त्या डाव्या बाजूच्या स्टिअरिंगमागे बसल्या आणि पहिल्या दिवशी ओडबीच्या गल्ल्यांमधून मला एवढ्या हळू नेलं की एक पोस्टमन चालत आमच्या पुढे निघून गेला.

आता त्या दर रविवारी मला रिंग रोडवर नेतात. डॉक्टर उजवीकडे बसतात. सुरुवातीला ते सूचना द्यायचे, आता फारशा देत नाहीत. औषधाने त्यांना झोप येते.

पुढे काय होणार ते मला माहीत आहे, डॉक्टरांनाही आहे. हा आजार थांबत नाही. कधीतरी त्यांना माझ्या खोल सीटवरून उठता येणार नाही, आणि मग खरंच कोणीतरी येऊन मला घेऊन जाईल. माझी टाकी नवी झाली, पंप नवा झाला, नळ्या नव्या झाल्या. माझे सुटे भाग मिळतात. त्यांचे मिळत नाहीत, आणि माझ्यातलं काही काढून त्यांना देता येत नाही.

गेल्या रविवारी परतताना डॉक्टर झोपले. मान खिडकीला टेकलेली, उजवा हात गुडघ्यावर. तो हात हलत नव्हता. झोपेत तो थांबतो, हे सुनीतीताईंना घरी माहीत झालेलं असणार. मी पहिल्यांदा पाहिलं. सत्तावीस वर्षं लोकांच्या उशाशी बसलेला हात, जसा पूर्वी होता तसा, अगदी निवांत पडला होता.

ओडबीच्या गोल चौकातलं राउंडअबाउट आलं. सुनीतीताईंनी त्या हाताकडे एकदा पाहिलं. मग आमच्या घराकडे जाणारा रस्ता त्यांनी सोडून दिला. राउंडअबाउटला पूर्ण वळसा घातला, आणि परत रिंग रोडला लागल्या.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रविवारी दुपारी लेस्टरच्या त्या बाजूला तुम्ही असाल, आणि एक लांबलचक हिरवी गाडी तुमच्या पुढे फार हळू चालली असेल, आपलं वळण चुकवून उगाच पुन्हा फिरत असेल, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. डॉक्टर झोपलेत.